भेटीचा मुक्काम : यमगरवाडीची वाटचाल

धाराशिव जिल्ह्यात पारध्यांच्या वस्तीला 'पारधी पिढी' म्हणतात. गावाच्या शिवेबाहेर, ओढ्याच्या काठाला नाहीतर गायरानाच्या कडेला असलेली दहा-वीस घरं. काही पत्र्याची, काही कुडाची, अलीकडे काही विटांची. वर्तमानपत्रात हा शब्द येतो तो बहुतेक वेळा 'छापा' या शब्दाला चिकटूनच. लहानपणापासून कानावर असल्यामुळं त्याचा दुसरा अर्थ माझ्या ध्यानात यायला फार वर्षं गेली. पिढी म्हणजे आजा, बाप, लेक, नातू. वस्तीलाच पिढी म्हणताना आमच्या बोलीनं पारध्यांचं सगळं दुखणं एका शब्दात सांगून टाकलं आहे. आजाच्या कपाळी मारलेला शिक्का इथं नातवाच्या कपाळी आपोआप उमटतो.

या पिढीवर बाहेरून येणारी माणसं तीन तऱ्हेची. आसपास कुठं चोरी झाली की पोलीस येतात. निवडणूक आली की मतं मागणारे येतात. आणि अधूनमधून बघायला म्हणून कुणी येतो, पत्रकार, संशोधक, छायाचित्रकार, एखादा हौशी प्रवासी. हा तिसरा पाहुणा मनानं चांगला असतो. तो बायकांची कपाळावरची गोंदणं बघतो, मुलांचे फोटो काढतो, फास कसा लावतात ते विचारतो, मुलांच्या हातावर बिस्किटाचे पुडे ठेवतो आणि दिवस मावळायच्या आत निघतो.

असा पाहुणा जगभर असतो. आफ्रिकेत नामिबियाच्या वायव्य कोपऱ्यात, कुनेने भागात, हिंबा नावाचे पशुपालक लोक राहतात. त्यांच्या बायका लोणी आणि गेरू एकत्र कालवून तो लेप अंगाला आणि केसांच्या बटांना लावतात. त्याला ओत्जिझे म्हणतात. वस्तीत पूर्वजांच्या नावानं एक अग्नी राखलेला असतो. हा अग्नी आणि प्रमुखाची झोपडी यांच्यामधून परक्यानं चालत जायचं नाही, असा रिवाज आहे. जगातून प्रवासी तिथं जातात. जाताना मक्याचं पीठ, साखर नेतात, परवानगी घेऊन फोटो काढतात आणि परततात. नीट वागलेल्या पाहुण्याला दोष देण्याजोगं त्यात काही नाही. पण अशा भेटीची मर्यादा भेटीतच असते. संध्याकाळी पाहुणा निघून जातो आणि त्या लोकांचा उद्याचा दिवस जसा असायचा तसाच उगवतो.

तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीची गोष्टही पारध्यांच्या पालांवर दिलेल्या भेटींपासूनच सुरू होते. या गोष्टीतले पाहुणे मात्र संध्याकाळी निघाले नाहीत.

त्यांच्याआधी पालावर कोण येऊन गेलं होतं, हे समजल्याशिवाय त्या मुक्कामाचं मोल कळणार नाही. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखाद्या जमातीत जन्माला येणं हाच पुरावा मानायची सोय त्या कायद्यानं झाली. पुढं १९११ आणि १९२४ मध्ये तो आणखी आवळला गेला. नोंदणी झालेल्या माणसानं हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची, बोटांचे ठसे द्यायचे. मुंबई इलाख्यात अशा जमातींसाठी वसाहती उभारल्या. तुळजापूरपासून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या सोलापुरात त्यातली एक मोठी वसाहत होती आणि त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. तारेच्या कुंपणाआड राहायचं आणि तिथून गिरणीत कामाला जायचं, अशी तिथली रीत. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण गुन्हेगार जमातींचा कायदा तिकडंही होता. सरहद्द ओलांडून पारध्याची सुटका व्हायची नाही.

अपवाद होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये हजेरीची पद्धत बंद केली, फासेपारध्यांना कामं दिली, आसरा दिला. ज्यांना राखणीत ठेवायचं त्यांनाच राखणदार केलं तर काय होतं, हे त्या राजानं करून पाहिलं होतं. एका संस्थानापुरतं राहिलं म्हणून ते विसरायचं नाही.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं उलटली होती. कायद्यातून मोकळ्या झाल्या म्हणूनच या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या गेल्या आणि ३१ ऑगस्ट हा त्यांचा मुक्तिदिन झाला. पण कायदा गेला तरी ठाण्यातल्या वहीतली नावं, गावकऱ्यांच्या मनातला संशय आणि सराईत गुन्हेगारांसाठी आलेले नवे कायदे मागं राहिले. त्यातच १९७२ साल आलं. मराठवाड्याला ते दुष्काळासाठी आठवतं. पारध्याला ते आणखी एका कारणानं आठवायला हवं. वन्यजीव संरक्षण कायदा त्याच वर्षीचा. तित्तर, लाव्हरी, हरीण, ससा यांच्यावर ज्याचं पोट होतं त्याचा धंदाच त्या कायद्यानं गुन्हा ठरला. वन्यजीव राखायला हवेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण माळ राखताना माळावरच्या माणसाचं पुढं काय, हा प्रश्न कुणीतरी त्याच दिवशी विचारायला हवा होता.

यमगरवाडीशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते गिरीश प्रभुणे मूळचे सामाजिक कार्यकर्ते आणि लिहिणारे. पारध्यांवर अत्याचार झाल्याचं कळलं की ते तिथं जात, पालावर बसत, तिथंच राहत, त्यांच्यात जेवत. 'पारधी' आणि 'पालावरचं जिणं' ही त्यांची पुस्तकं या मुक्कामांतून आली. सामाजिक समरसता मंचाची स्थापना १९८३ साली झाली होती. त्या वर्तुळातल्या कार्यकर्त्यांनी पुढं भटके विमुक्त विकास परिषद उभी केली. भिकू रामजी तथा दादा इदाते, रमेश पतंगे ही या कामातली ठळक नावं. हे कार्यकर्ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुशीतले. ते त्यांनी लपवलं नाही आणि मीही आडवळणानं सांगणार नाही.

पालावर राहिल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत. रात्री पोलिसांची गाडी थांबली की पुरुष अंधारात का पळतात, हे दिवसा भेट देणाऱ्याला कळत नाही. पळाला म्हणजे चोर असणार, असं त्याला वाटतं. तिथं रात्र काढलेल्या माणसाला कळतं, की थांबलेल्याला ज्या गुन्ह्यात नेतील तो त्यानं केलेलाच असेल असं नसतं. जामीन द्यायला जमीनजुमला असलेला माणूस लागतो. तो पारध्याला मिळत नाही. वकिलाच्या फीपायी पुन्हा चोरी, किंवा सावकार. घरातला पुरुष आत गेला की बाई पोरांना घेऊन भीक मागायला शहराची वाट धरते. अशा घरातल्या पोराला शाळेत घाला म्हणणं सोपं आहे, पण शाळेच्या पटावर लिहायला पत्ताच नसतो. शाळेतल्या इतर पोरांचे आईबाप 'पारध्याचं पोर आमच्या पोराशेजारी नको' म्हणतात. म्हणून निवासी शाळा हवी, हा विचार पालावरूनच आला.

१९९३ साली यमगरवाडीला प्रकल्पाची सुरुवात झाली. दानात मिळालेली जमीन म्हणजे बालाघाटाच्या डोंगररांगांतलं मुरमाड माळरान. तुळजापूरच्या आसपासचा हा भाग पाहिलेल्याला त्याचं वर्णन सांगायला नको. वर टेकाड, खाली दगड, मधे कुसळी गवत, आणि पाणी आलं तर पावसाचंच. शेतकऱ्याला नकोशी वाटणारी जमीन. पण माळावर वाढलेल्या पोरांना ती परकी वाटली नसणार, असं मला नेहमी वाटतं. चार भिंतींची ओळख नसलेल्या मुलाला निदान माळाची तरी ओळख होती.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांतली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. उमरगा-लोहाऱ्याच्या पट्ट्याकडं सगळ्या देशाची नजर वळली, मदतीच्या गाड्या वळल्या, संस्था आल्या. त्यांतल्या काहींनी इथंच पाय रोवले. ज्ञान प्रबोधिनीनं लोहारा तालुक्यातल्या हराळीत काम उभं केलं ते या भूकंपानंतरच. जिल्ह्याच्या संस्थाजीवनाला १९९३ हे वर्ष असं दुहेरी महत्त्वाचं आहे. भूकंपानं एका रात्रीत बेघर झालेल्यांचं दुःख जगाला दिसलं आणि दिसायलाच हवं होतं. त्याच जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या बेघर असलेल्यांच्या मुलांसाठी थोड्या अंतरावरच्या माळावर एक शाळा श्वास घेऊ लागली होती. तिच्याकडं तेव्हा फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

शाळेचं नाव एकलव्य. निषाद राजपुत्राला गुरूनं विद्या नाकारली, त्यानं ती स्वतः मिळवली आणि गुरूनं त्याचा अंगठा मागितला, ही कथा आपल्याकडं गुरुभक्तीची म्हणून सांगतात. पारध्याच्या पोरांच्या शाळेला ते नाव दिलं की कथा वेगळी ऐकू येते. १९११ च्या कायद्यानं त्यांच्या पणज्यांच्या बोटांचे ठसे ठाण्यात घेतले होते. प्रवेशाच्या अर्जावर बापाचा अंगठाच उमटायचा. त्या अर्जातल्या मुलानं पुढं जी सही केली तिची किंमत दुसऱ्या कुठल्या सहीशी मोजता येणार नाही.

सुरुवात पारध्यांपासून झाली तरी मुलं वेगवेगळ्या जमातींची आली. कैकाडी, डोंबारी, गोपाळ, मसणजोगी, वैदू, वडार, डवरी गोसावी. बाहेरच्याला हे सगळे 'भटके' म्हणजे एकच वाटतात. आतून तसं नाही. यांची दैवतं वेगळी, बोली वेगळ्या, एकमेकांकडं जेवायचं की नाही याचे नियमही वेगळे. गावानं ज्यांना शिवेबाहेर ठेवलं त्यांच्यातही शिवा आहेतच. एका पंगतीला ही सगळी पोरं बसवणं, ही या शाळेनं केलेली पहिली मोठी गोष्ट. पाठ्यपुस्तकातला एकही धडा शिकवण्याआधी ती करावी लागली.

कागदाचं काम याहून अवघड. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. पूर्वी हा लाभ काही भागांपुरताच होता. ते क्षेत्रबंधन १९७६ च्या दुरुस्तीनं उठलं. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. गोपाळ, डोंबारी, वैदू भटक्या जमातीत. म्हणजे एका ताटाला बसणाऱ्या मुलांच्या दाखल्यांची वाट वेगवेगळी. त्यात पुराव्याची अट. जमातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा रहिवास दाखवायचा, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचा. ज्याचा आजा परवानगीशिवाय गाव सोडू शकत नव्हता त्याच्या नातवाला आजा नेमका कुठं राहत होता याचा कागद विचारला जातो. जो कधीच स्थिर नव्हता त्याला स्थिरतेचा दाखला मागायचा, याइतका घोर अन्याय सरकारी भाषेत इतक्या सौम्य शब्दांत क्वचितच लिहिला गेला असेल. अशा कामात कार्यकर्त्याची वर्षं जातात. छायाचित्रात ती दिसत नाहीत.

जन्मतारखेचंही तसंच. मराठवाड्यात शाळेच्या पटावर जून महिन्याची पहिली तारीख जन्मतारीख म्हणून असलेली माणसं किती, हे कुठल्याही गुरुजींना विचारा. आई सांगते, 'दुष्काळाच्या सालचा', 'भूकंपाच्या आदल्या पावसात झाला'. गुरुजी अंदाज बांधतात आणि १ जून लिहून टाकतात. पालावरच्या मुलाला पटावर येताना एक वय मिळतं, एक तारीख मिळते, पुष्कळदा आडनावासकट पूर्ण लिहिलेलं नावही तेव्हाच पहिल्यांदा मिळतं.

आणि मग भाषा. पारध्यांची घरातली बोली वाघरी, गुजरातीच्या जवळची. मुलाला बाजारापुरतं मराठी येतं. पुस्तकातलं मराठी त्याला परकं. गुरुजी विचारतात एक आणि मूल गप्प बसतं. गप्प बसलं की ते 'मंद' ठरतं. यमगरवाडीच्या वाटचालीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती इथं केलेली एक निवड. या मुलांना काहीच येत नाही, असं धरून सुरुवात करायची की यांना पुष्कळ येतं, फक्त ते आपल्या पुस्तकात नाही, असं धरून? प्रभुण्यांनी दुसरी बाजू धरली. आयुष्यभर ते हेच मांडत आले, की भटक्यांचं कसब हे ज्ञान आहे आणि शाळेनं त्याला ज्ञान म्हणूनच हात लावला पाहिजे.

पारध्याला काय येतं ते जरा थांबून पाहावं. तित्तराचा आवाज हुबेहूब काढून त्याला जवळ बोलावता येतं. घोड्याच्या केसांचा फास असा विणता येतो की पाखराचा पाय त्यात अडकतो, मोडत नाही. गायीच्या किंवा बैलाच्या आडोशानं कळपाला न कळता हरणापर्यंत पोचता येतं. मातीवरचा माग किती जुना हे सांगता येतं. चित्ता पारधी तर राजेरजवाड्यांच्या शिकारीसाठी चित्ते धरून माणसाळवत. कोल्हापूरसारख्या संस्थानांत हा शिकारखाना प्रसिद्ध होता. आपल्या देशातून चित्ता नाहीसा झाला आणि त्याला हाताळणारी विद्याही विरली. १७ सप्टेंबर २०२२ ला, नेमक्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मध्य प्रदेशात कुनोच्या रानात आठ चित्ते आणून सोडले. ते आले नामिबियातून, हिंबांच्या देशातून. त्या बातम्या वाचताना चित्ता पारध्यांची आठवण मला वारंवार येत होती.

ही विद्या नव्या कामाला लावता येते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. अकोला-वाशीमकडं 'संवेदना' या संस्थेनं कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या पुढाकारानं फासेपारध्यांना सोबत घेऊन तणमोरासाठी आणि गवताळ माळांसाठी काम केलं. जो पक्षी धरायला जाई त्याच्याच नजरेनं पक्षी राखायचा. तणमोर कुठं उतरतो हे शिकाऱ्याइतकं नेमकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? शेजारी सोलापूरच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य आणि स्वतःच्या हद्दीत येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य असलेल्या आमच्या जिल्ह्यालाही हा धडा घेता येईल. घ्यायला हवा.

एकलव्य शाळा वाढत दहावीपर्यंत गेली. प्रभुण्यांनी पुढं चिंचवडला पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् उभं केलं. तिथं शालेय अभ्यासाच्या जोडीला हातातल्या कसबाला जागा आहे. यमगरवाडीचं काम भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानाच्या कार्यकर्त्यांनी पुढं चालवलं. संस्थेची खरी परीक्षा तिथंच असते. सुरू करणारा माणूस दुसऱ्या गावाला गेला तरी सकाळची घंटा वेळेवर वाजते का? इथं ती तीन दशकांहून अधिक काळ वाजते आहे.

निवासी शाळेबद्दल माझ्या मनात एक प्रश्न मात्र कायम आहे. मूल घरातून काढून आणलं की ते शिकतं, हे खरं. पण ते घराला परकं होतं, हेही तितकंच खरं. जगात अशा शाळांचा इतिहास फार वेदनेचा आहे. कॅनडात, ऑस्ट्रेलियात मूळ निवासींची मुलं आईबापांपासून तोडून त्यांची भाषा मोडण्यासाठीच शाळा चालवल्या गेल्या. यमगरवाडीचा हेतू तसा नाही. आईबाप मुलाला स्वतः आणून सोडतात, सणाला नेतात. तरीही वाघरी बोलणारं पोर दहा वर्षं मराठीत राहून पालावर परतलं की आजीशी त्याचं काय बोलणं होतं, हा प्रश्न निकालात निघत नाही. हा आक्षेप म्हणून मी लिहीत नाही. या वाटेनं चालणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या उशाला हा प्रश्न असायला हवा, एवढंच म्हणणं आहे.

हिंबांच्या देशात याच प्रश्नाला एक वेगळं उत्तर शोधलं गेलं. हिंबा मुलांना गावातल्या शाळेत जायचं तर अनेकदा वेण्या कापायच्या, लेप धुवायचा, गणवेश घालायचा. मग आईबाप मुलं धाडेनात. गुरं चारायला वस्ती हलली की शाळाही मागं राहायची. १९९८ मध्ये तिथं ओंदाओ नावाची फिरती शाळा सुरू झाली. तंबूत भरणारी, वस्तीजवळ येणारी, मुलाला त्याच्या वेशात बसू देणारी.

आपल्याकडं त्याच जातीचं उत्तर म्हणजे 'पालावरची शाळा'. भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानानं महाराष्ट्रात ठिकठिकाणी पालावरच हे वर्ग सुरू केले. शक्य तिथं शिकवणारा त्याच समाजातला, म्हणजे मुलाची बोली कळणारा. संध्याकाळी आईबाप कामावरून आले की झाडाखाली किंवा पत्र्याच्या आडोशाला तास-दोन तास. अक्षरं, गाणी, आंघोळ, नखं, गप्पा. हळूहळू मूल जवळच्या सरकारी शाळेत जायला लागावं हा हेतू. माळावरच्या एका शाळेपासून सुरू झालेलं काम असं उलट दिशेनं पुन्हा पालावर आलं. माझ्या मते यमगरवाडीच्या वाटचालीतलं हे सगळ्यात शहाणं वळण. मुलाला शाळेपर्यंत आणणं गरजेचंच होतं, पण शाळेनं उठून मुलापर्यंत जाणं त्याहून पुढचं पाऊल.

मुलींची गोष्ट याहून अवघड. पालावर मुलगी वयात आली की लग्नाची बोलणी सुरू होतात, कधी त्याही आधी. जातपंचायत दंड लावते, वाळीत टाकते, बाईच्या चारित्र्याची परीक्षा उकळत्या तेलातून नाणं काढायला लावून घेते. अहिल्यानगर जिल्ह्यात मढीच्या जत्रेत अनेक भटक्या जमातींच्या पंचायती पूर्वापार भरत आल्या. राज्यानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ चा. त्याआधी पंचायतीविरुद्ध ब्र काढणाऱ्या बाईला कायद्याचा आधार जवळजवळ नव्हताच. शिरूर भागातल्या पारधी कार्यकर्त्या सुनीता भोसले यांचं 'विंचवाचं तेल' हे आत्मकथन ज्यांनी वाचलं असेल त्यांना पालावरच्या बाईचं दुहेरी ओझं वेगळं सांगायला नको. बाहेर पोलीस आणि आत पंच. दहावीपर्यंत टिकलेली एक पारधी मुलगी एका कुटुंबापुरती नसते. पंचांपुढं उभं राहून स्वतःचं म्हणणं सांगू शकणारी कदाचित ती त्या वस्तीतली पहिली बाई असते.

विमुक्त-भटक्यांची चळवळ एकट्या यमगरवाडीची नाही, हेही नोंदवायला हवं. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं आणि पांढरपेशा मराठी वाचक हादरला. लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड 'उचल्या'तून बोलले. त्यासाठी त्यांना १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगानं २००८ मध्ये अहवाल दिला. नंतरच्या आयोगाचे अध्यक्ष दादा इदाते होते. त्यांचा अहवाल २०१८ च्या सुरुवातीला आला. माने बौद्ध धम्माकडं गेले, इदाते-प्रभुणे समरसतेच्या वाटेनं गेले. दोन्ही प्रवाहांत मतभेद आहेत, कडवे आहेत आणि ते खरे आहेत. पण दोन्ही आयोगांच्या अहवालांत जमीन, घर, दाखला, शिक्षण हीच दुखणी आली. विदर्भात फासेपारधी समाजातलेच शिक्षक मतीन भोसले यांनी भीक मागणारी मुलं गोळा करून अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चवाळ्याला 'प्रश्नचिन्ह' नावाची आश्रमशाळा काढली. समृद्धी महामार्गाच्या कामात त्या शाळेचा काही भाग पडला. एकलव्य आणि प्रश्नचिन्ह. दोन शाळांची ही नावं शेजारी ठेवून पाहावीत.

२०२१ मध्ये गिरीश प्रभुणे यांना पद्मश्री मिळाली. २०२३ मध्ये दादा इदाते आणि रमेश पतंगे यांना. माळावरच्या एका शाळेशी नातं असलेले तीन पद्म सन्मान. जिल्ह्यानं अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे. २०२३ मध्येच जिल्ह्याच्या नावाची पाटीही उस्मानाबादची धाराशिव झाली. 'पारधी पिढी' हा शब्द मात्र बातमीत अजून त्याच जागी आहे.

आता यमगरवाडीलाच पाहुणे येतात. शहरांतून तरुण येतात, शाळा बघतात, मुलांशी खेळतात, भारावून परततात. त्यांनी यावं. पण जमलं तर एका भेटीसाठी येऊ नये. आईबाप ऊसतोडीला, वीटभट्टीला बाहेरगावी गेलेले असतात आणि मुलांना घराची आठवण येते, तेव्हा आठवडाभर राहून संध्याकाळच्या अभ्यासाला बसणारं माणूस लागतं. दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या चढणारं माणूस लागतं. ही कामं फोटोत येत नाहीत.

१९९३ साली सात-आठ वर्षांचं असलेलं पोर आज चाळिशीला आलं आहे. त्याची स्वतःची मुलं शाळेत जाण्याच्या वयाची आहेत. त्या मुलांचा जन्म दवाखान्यात झाला असेल, तर नोंद खऱ्या तारखेची असेल. मार्चची, ऑगस्टची, डिसेंबरची, जी असेल ती. जूनमध्ये शाळा उघडते, गुरुजी पटाची नवी वही काढतात, वडील खिशातून जन्माचा दाखला काढून टेबलावर ठेवतात आणि प्रवेशाच्या अर्जावर सही करतात.